अमोनियाला चालत नाही

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या कारखान्यांच्या भिंती संपल्या की पत्र्याच्या शेडांची एक रांग लागते. त्या रांगेत वाल्मीक आहेरचं दुकान आहे. दुकानावर त्याचं नाव नाही. ‘कोल्ड रूमसाठी जोडनळी मिळेल’ एवढंच रंगवलेलं आहे, आणि नाशिक जिल्ह्यात ज्यांना थंडाव्याचं काम पडतं त्यांना तेवढं पुरतं. द्राक्षवाले येतात, आइस्क्रीमवाले येतात, दूधवाले, गुलाबाचे मळेवाले येतात. दुकान आजही चांगलं चालतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल की ते बंद पडलं असेल.

वाल्मीक मूळचा देवळ्याजवळच्या एका वाडीचा. दहावीनंतर तो आणि त्याचा शेजारी गेणू देवरे एकाच एसटीने नाशिकला आले. दोघांनी आयटीआयला नाव घातलं. वाल्मीकने रेफ्रिजरेशनचा ट्रेड पुरा केला. गेणूचं मन वर्गात रमेना. तो मधूनच सोडून एका बर्फाच्या कारखान्यात हेल्पर लागला आणि मशीन चालवायला तिथेच शिकला. पुढे दोघांची लग्नं झाली, श्रमिकनगरात भिंतीला भिंत लागून खोल्या घेतल्या. वाल्मीकची बायको काविळीत गेली तेव्हा त्याची मुलगी हर्षाली शाळेत होती. त्यानंतर हर्षालीची वेणी घातली ती गेणूच्या बायकोने, कुसाबाईने. डबाही तिनेच दिला. स्वतःला मूलबाळ नव्हतं, आणि या पोरीचं आपण काही करतो आहोत असं तिने कधी बोलून दाखवलं नाही.

वाल्मीक तेव्हा सायकलवर हत्यारांची पिशवी लटकवून घरोघरचे फ्रीज दुरुस्त करत फिरायचा. एकदा भंगारात आलेलं एक परदेशी यंत्र त्याने उत्सुकतेने उघडलं. आत दोन नळ्या एकमेकींना बिलगवून लांबवर डाग देऊन जोडलेल्या दिसल्या. एक जाड, एक बारीक. तो बराच वेळ बघत बसला.

थंड करणाऱ्या यंत्रात गॅस गोल फिरत असतो. बाहेरच्या जाळीत तो निवून पाण्यासारखा पातळ होतो, पातळ होऊन खोलीतल्या कॉइलकडे जातो, तिथे खोलीतली उष्णता पिऊन पुन्हा वायू होतो आणि कॉम्प्रेसरकडे परततो. कॉइलकडे निघालेला पातळ गॅस अजून कोमटच असतो, आणि परतणारा वायू बर्फासारखा गार. त्या परतणाऱ्याची थंडी वाटेतल्या हवेला फुकट जाते. दोन्ही नळ्या एकमेकींना लावून नेल्या तर परतणारा आपली थंडी जाणाऱ्याला देऊन टाकतो. कॉइल जास्त काम करते, वीज कमी लागते. शिवाय परतणाऱ्या वायूत पातळ गॅसचे थेंब राहिले असले तर ते वाटेतच उडून जातात आणि कॉम्प्रेसरला इजा होत नाही.

शोध वाल्मीकचा नव्हता. तो तसं म्हणतही नसे, निदान सुरुवातीला. पण आपल्याकडच्या लहान कोल्ड रूममध्ये तशी नळी कुणी लावत नव्हतं. वाल्मीकने लावली. पहिली एका आइस्क्रीमवाल्याकडे, दुसरी ओझरच्या एका द्राक्षवाल्याकडे. दोघांचीही बिलं उतरली. द्राक्षवाल्यांत बातमी पसरायला वेळ लागत नाही. बघता बघता सायकल गेली आणि शेड आली.

हर्षाली तोवर इंजिनिअर झाली होती. अंबडच्या एका कारखान्यात डिझाइनच्या कामाला होती, पण रविवार दुकानात जायचा. नळी किती लांब असावी हे वाल्मीक आधी अंदाजाने ठरवत असे. लांबी कमी पडली तर गुण येत नाही, फार झाली तर परतणाऱ्या गॅसला रेटून जावं लागतं आणि मिळालेला फायदा तिथेच खर्ची पडतो. हर्षालीने त्याचा नीट हिशेब बसवून दिला. कुठला गॅस, केवढी खोली, केवढा कॉम्प्रेसर, मग नळी एवढी. ती लॅपटॉप मांडीवर घेऊन पत्र्याच्या डब्यावर बसायची, वाल्मीक नळीच्या दोन्ही टोकांना थर्मामीटर लावून आकडे ओरडून सांगायचा. दोघांचा आकडा जुळला की तो समोरच्या टपरीवरून कांदाभजी मागवायचा. वाल्मीकचे सगळ्यांत चांगले दिवस कोणते असं विचारलं तर मी हेच रविवार म्हणेन. ते त्याला तेव्हा कळलं होतं की नाही, सांगता येत नाही.

मात्र गिऱ्हाइकं ‘आहेरांनी काढलेली नळी’ म्हणू लागली तेव्हा त्याने कुणाला दुरुस्त केलं नाही.

गेणू आता दिंडोरी रस्त्यावरच्या एका मोठ्या कोल्ड स्टोरेजला ऑपरेटर होता. नोकरी वाल्मीकच्याच शब्दावर लागली होती. राहायला आवारातच खोली. तिथला प्लांट अमोनियाचा. मोठ्या कोल्ड स्टोरेजला अमोनियाच लागतो. स्वस्त आणि ताकदवान, पण विषारी, नाकात गेला तर जीव कासावीस करणारा. तिथल्या कॉम्प्रेसरच्या तोंडावर सारखा बर्फ चढायचा, म्हणजे पातळ गॅस परत येत होता. मालक महेशशेठ वैतागले होते. गेणूच त्यांना म्हणाला, “आमच्या वाल्मीकला बोलवा की. ह्या कामात त्याच्यासारखा माणूस नाय.”

वाल्मीक आला. महेशशेठने त्याला ऑफिसात बसवलं, चहा मागवला, बागायतदारांशी ओळख करून दिली. तिथे चारचौघांत वाल्मीक म्हणाला, “नळी बसवून देतो. बर्फही जाईल आणि बिलही उतरेल. माझा शब्द.” दाराशी उभा असलेला गेणू तोंडभर हसला.

त्या रविवारी हर्षाली दुकानात आली तेव्हा वाल्मीक लोखंडी पाइप मापत होता.

“एवढी मोठी कुणाची?”

“महेशशेठची. गेणूकाकाकडची.”

“तिथे तर अमोनिया आहे ना? पप्पा, अमोनियाला ही नळी लावू नका.”

“तांब्याची नाही लावत. अमोनिया तांब्याला खातो एवढं कळतं मला. म्हणून तर लोखंडाची करतोय.”

“धातूचं नाही म्हणत मी, गॅसचं म्हणतेय.” ती लॅपटॉप उघडून त्याच्याशेजारी खाली बसली. “आपण परतणारा गॅस गरम करून कॉम्प्रेसरला देतो. बाकीचे गॅस ते सोसतात. अमोनिया दाबला की मुळातच भयंकर तापतो. त्यात आपण भर घालणार. तेल करपेल. आणि त्याला फायदाही काही नाही, उलट वीज जास्तच लागेल. तिथे बर्फ चढतोय तो दुसऱ्या कशाने तरी. पातळ गॅस जास्त सुटत असेल, तो मापात सोडणारा फ्लोट अडकला असेल. ते बघा आधी.”

वाल्मीकने स्क्रीनकडे पाहिलंच नाही. “इतकी वर्षं लावतोय. एक मशीन बिघडलंय का?”

“अमोनियाचं एक तरी होतं का त्यात?”

“थंडी ती थंडी. गॅस बदलला म्हणून काय उलटं होतं?”

“होतं, पप्पा. हिशेबात दिसतंय.”

“तुझ्या हिशेबाने मशीन चालत नाही, हर्षाली.”

“तुमच्या नळीची लांबी माझ्याच हिशेबाने ठरते.”

हे वाक्य आपण बोलायला नको होतं, असं ती आजही म्हणते. दुकानात कामाला असलेला वेल्डर तिथेच होता. वाल्मीकचा चेहरा बदलला. त्याने मापाची पट्टी गुंडाळून खिशात घातली आणि शांतपणे म्हणाला, “मी शब्द दिलाय. तू रविवारी आराम करत जा आता. आठवडाभर दमतेस.”

त्यानंतर तिला दुकानात बोलावणं आलं नाही.

नळी बसली. पहिले काही दिवस सगळं झकास दिसलं. कॉम्प्रेसरवरचा बर्फ गेला. तो जाणारच होता, कारण परत येणारा गॅस आता थंड नव्हताच. महेशशेठने पेढे वाटले. गेणूने पाइपला फुलांचा हार घातला आणि त्याचा फोटो वाल्मीकला पाठवला.

मग एप्रिल लागला. द्राक्षांचा शेवटचा माल आत भरलेला, बाहेर ऊन रणरणतं. एका दुपारी गेणूचा फोन आला. दोघं आपसात गावाकडचंच बोलत.

“मशीन तापी राहिनं भो. बाहेर जाणाऱ्या पाइपाजवळ उभं राहवत नाय. तेल काळं दिसतंय.”

वाल्मीक जेवत होता. हर्षालीचं बोलणं त्याला त्या क्षणी आठवलं, हे त्याने पुढे कुणाजवळ तरी कबूल केलं असं मी ऐकलं आहे. पण आठवल्यावर तो म्हणाला ते असं : “उन्हाळा आहे. थोडं तापणारच. चालू राहू दे.”

“बंद करू का? शेठला सांगू?”

“शेठला कशाला सांगतोस? चालू राहू दे म्हटलं ना. मी येतो सवडीने.”

तिकडे खोलीत गेणूशेजारी कुसाबाई त्या वेळी भाकरी थापत होती. फोन स्पीकरवर होता.

सवड मिळण्याआधीच ते झालं. करपलेल्या तेलाने कॉम्प्रेसरच्या दांड्याजवळचं सील गेलं आणि अमोनिया सुटला. पलीकडच्या हॉलमध्ये बायका द्राक्षं निवडत होत्या. गेणूने ओरडून सगळ्यांना मागच्या दाराने बाहेर काढलं. मास्क ऑफिसातल्या कपाटात होता, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली महेशशेठबरोबर नाशिकला. व्हॉल्व्ह बंद केला नाही तर गॅस सुटतच राहणार होता. गेणूने पंचा भिजवून तोंडाला बांधला आणि तो आत गेला. व्हॉल्व्ह बंद झाला. गेणू रांगत बाहेर आला तेव्हा त्याला डोळे उघडता येत नव्हते. कुसाबाईने त्याला नळाखाली धरलं आणि गाडी येईपर्यंत ती त्याच्या डोळ्यांवर पाणी सोडत राहिली. त्यामुळे एक डोळा थोडासा वाचला, असं डॉक्टर म्हणाले. दुसरा मात्र गेलाच.

वाल्मीक इस्पितळात आला. गेणूच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. वाल्मीकने त्याचा हात हातात घेतला आणि तो रडला. ते रडणं खोटं होतं असं कुसाबाईसुद्धा म्हणत नाही.

पण खाली पार्किंगमध्ये महेशशेठ त्याची वाट बघत होते. “विम्याचा माणूस येणार आहे,” ते म्हणाले. “प्लांटमध्ये परवानगीशिवाय बदल केला असं निघालं तर मला काही मिळायचं नाही. आणि तुला तर कुणी दारात उभं करणार नाही, वाल्मीक. तो पाइप काढून टाक.”

“आणि गेणूचं काय?”

“गेणूचं मी बघेन की. तो आपला माणूस आहे.”

वाल्मीकने दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी जाऊन आपल्या हाताने ती नळी कापून काढली, पूर्वीसारखा सरळ पाइप जोडला, वर रंग मारला. कापलेली नळी टेम्पोत घालून आणली आणि दुकानामागे टाकली. टोकाला गेणूने घातलेल्या हाराचा दोरा अजून होता.

हर्षाली ऑफिस सुटलं की रोज इस्पितळात जात होती. कुसाबाईला घरी आंघोळीला पाठवून स्वतः बसायची. फोनचं सगळं कुसाबाईनेच तिला सांगितलं. ऐकून ती उठली ती थेट दुकानात आली, आणि मागे पडलेली नळी तिने पाहिली.

“ही का काढून आणलीत?”

“भंगार आहे.”

“पप्पा, उद्या चौकशी आहे. तुम्ही सांगणार आहात ना?”

वाल्मीकने वेल्डरला बाहेर पाठवलं. “सांगून काय होईल? गेणूचा डोळा परत येईल? दुकान जाईल, इथली माणसं बेकार होतील, तुझं लग्न व्हायचंय. सगळं एका चुकीपायी?”

“चुकीपायी नाही. चूक झाली ती झाली. पण मग ती कुणाच्या अंगावर जाणार आहे, याचा विचार केलात का?”

“शेठ बघणार आहेत गेणूचं.”

“माझ्या वेण्या घातल्यात त्या बाईने,” हर्षाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात विम्याकडून आलेले एक साहेब बसले होते. महेशशेठ होते, वाल्मीक होता. गेणू इस्पितळातच होता, आणि त्याच्या वतीने कुणाला बोलावावं असं कुणाला सुचलं नव्हतं. हर्षाली न बोलावता स्कूटीवरून आली. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नळी कशी होती, ती अमोनियाला का चालत नाही, गेणूकाकांनी फोन केला होता तो, आणि त्यांना मिळालेलं उत्तर. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ते वाल्मीककडे वळले.

“तुम्ही इथे असं काही बसवलं होतं?”

“मी सर्व्हिसिंगला येत होतो, साहेब.”

“ह्या तुमच्या कोण?”

“मुलगी.”

“त्या म्हणतात ते खोटं आहे?”

वाल्मीकने खोटं म्हटलं नाही. तो म्हणाला, “ती हुशार आहे, साहेब. वाचन आहे तिचं. पण हा प्लांट तिने आज पहिल्यांदा पाहिला. विचारा तिला.”

साहेबांनी विचारलं. हर्षालीला हो म्हणावं लागलं.

“मग नळी कुठे पाहिलीत?”

“दुकानाच्या मागे पडली आहे. आत्ता चला, दाखवते.”

“चला की,” वाल्मीक म्हणाला. “बघून घ्या साहेब.” त्याने ती सकाळीच भंगारवाल्याला देऊन टाकली होती. हर्षालीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला ते कळलं. ती खुर्चीवर बसली. जोड नवा का दिसतो असं साहेबांनी एकदा विचारलं. महेशशेठ म्हणाले, अपघातानंतरची दुरुस्ती. कुसाबाईचं म्हणणं साहेबांनी नंतर इस्पितळात जाऊन लिहून घेतलं, पण ती पडली गेणूची बायको. तेल करपेपर्यंत ऑपरेटरने लक्ष दिलं नाही, असा निष्कर्ष निघाला. तो निघाल्यावर महेशशेठनाही गेणूला कामावर ठेवणं जमेना. निष्काळजी ठरलेला माणूस पुन्हा मशीनवर कसा ठेवायचा, असं त्यांनी हळहळत सांगितलं. आवारातली खोलीही सोडायला लागली.

हर्षाली त्याच आठवड्यात बॅग भरून इंदिरानगरला मैत्रिणीच्या फ्लॅटवर राहायला गेली. जाताना वाल्मीक दारात उभा होता. “कधी येशील?” त्याने विचारलं. ती म्हणाली, “तुम्ही सांगितलंत की.”

त्याला वाटलं, आपण ये म्हणून सांगितलं की ती येईल. खरं सांगितलंत की, असं तिला म्हणायचं होतं, हे ती जिना उतरून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं.

गेणू आणि कुसाबाई गावी परतले. गेणूला उरलेल्या डोळ्याने धुक्यातल्यासारखं दिसायचं. कुसाबाई देवळ्याला एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदे निवडायला जाऊ लागली. गेणू घरी बसायचा.

हर्षाली सुट्टी काढून गावी गेली आणि तिने गेणूला सगळं सांगितलं. निष्काळजीपणा तुमचा नव्हता काका, मशीन नळीमुळे तापलं, मी आधीच सांगितलं होतं. तिला वाटलं होतं, ऐकून त्याचं ओझं उतरेल. गेणू रागावला. तिच्यावर तो जन्मात कधी रागावला नव्हता.

“बापाबद्दल असं बोलू नाय पोरी. वाल्मीकला मी तुझ्याआधीपासून ओळखतो.”

“तुम्ही फोन केला होता ना काका? तुम्ही विचारलं होतंत, बंद करू का म्हणून.”

“मीच नीट सांगितलं नसेल. किती तापलंय ते फोनवर कसं समजायचं त्याला?” आणि तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

पावसाळा संपल्यावर एकदा वाल्मीक स्वतः गेला. फळांची पिशवी, धोतरजोडी आणि कुसाबाईला लुगडं घेऊन. गेणू ओट्यावर बसला होता. चाहूल ओळखून तो लगेच उठायला लागला.

“कसा शेस?” वाल्मीकने विचारलं.

“बरा शे. ये, बस.” गेणूने चाचपडत शेजारची जागा हाताने झाडली. इकडचं तिकडचं झालं. मग गेणू म्हणाला, “हर्षाली येऊन गेली. काय काय डोक्यात घेतलंय तिने. मी लय रागावलो तिला. तू नको रागावू आता.”

वाल्मीक पिशवीतली फळं काढून ओट्यावर मांडू लागला.

“पण एक विचारू का तुला?” गेणू पुढे वाकला. “दिवसभर बसून मी तेच तेच आठवत राहतो. तेल मी पाहिलं होतं. वेळच्या वेळी पाहिलं होतं. मग मशीन तापलं कशाने रे?”

अंगणात कोणी नव्हतं. महेशशेठ नव्हते, विम्याचे साहेब नव्हते. केस कधीच मिटली होती. त्या ओट्यावर खरं बोलून वाल्मीकचं काहीही जाणार नव्हतं, फक्त गेणूच्या आवाजातली ती आपुलकी गेली असती. वाल्मीकने गावाकडच्या त्या उन्हाकडे पाहिलं आणि तो म्हणाला, “तेल कमी झालं असेल. होतं असं कधी.”

“असं का,” गेणू म्हणाला. मान हलवत राहिला. “मग ऱ्हायलं असेल माझ्याकडून. ऱ्हायलं असेल.”

वाल्मीक निघाला तेव्हा कुसाबाई खळ्यावरून परतत होती. घरापासून थोड्या अंतरावर गाठ पडली. तिच्या लुगड्याला कांद्याची टरफलं चिकटलेली होती. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि वाट अडवून उभी राहिली.

“त्यांनी विचारलं असेल तुम्हाला.”

“हो.”

“काय सांगितलं?”

वाल्मीकने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. कुसाबाईला समजलं.

“त्यांना कळत नाय असं समजू नका, भाऊजी. त्यांना कळून घ्यायचं नाय. डोळा गेला, काम गेलं. तुम्ही बी गेलात तर त्यांच्याकडं राहिलं काय? म्हणून सगळं सवताच्या अंगावर घेतलंय. मला मात्र कळतं. मी तो फोन ऐकला हाय.” तिने त्याच्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं. “लुगडं आणलं असेल तर सांगा. परत देते.”

“वहिनी, मी—”

“आणलं ना? थांबा.” ती घरात गेली आणि लुगडं आणून त्याच्या हातात ठेवलं. धोतरजोडी मात्र तिने परत केली नाही. “ते त्यांचं. त्यांच्या मित्राने दिलंय. ते नेसतील.”

वाल्मीक त्यानंतर गावाकडे गेला नाही. हर्षालीचं लग्न झालं ते रजिस्टर. मुलाकडच्यांनी वाल्मीकला फोन करून बोलावलं, म्हणून तो गेला, सही केली. कुसाबाई आली होती. फोटोत ती हर्षालीच्या शेजारी उभी आहे, वाल्मीक कडेला. जेवणाच्या वेळी हर्षालीने त्याच्या पानात स्वतः जिलेबी वाढली आणि “आणखी घ्या” म्हणाली, पाहुण्याला म्हणावं तसं. नवऱ्याबरोबर ती आता चाकणला असते. सणाला तिचा मेसेज येतो.

धंदा वाढला आहे. नवे गॅस आले आहेत, त्यांतल्या बऱ्याच गॅसना ही नळी फार मानवते, त्यामुळे मागणी जास्तच. नळीची लांबी ठरवायला वाल्मीकने पगारी मुलगी ठेवली आहे, पल्लवी नावाची. ती हर्षालीने केलेल्याच तक्त्यावरून काम करते. तक्ता कुणी केला हे तिला ठाऊक नाही. तिचा आकडा आणि थर्मामीटरचा आकडा जुळला की ती सांगते, वाल्मीक “बरं” म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो.

मागच्या हिवाळ्यात सातपूरच्या मेकॅनिक लोकांनी एका हॉलमध्ये मेळावा घेतला आणि जोडनळीवर बोलायला वाल्मीकला बोलावलं. फेटा बांधला, शाल दिली. वाल्मीक चांगलं बोलला. नळी कशी बिलगवायची, परतणाऱ्या गॅसची दिशा उलटी का ठेवायची, लांबी फार झाली तर काय होतं, सगळं त्याने फळ्यावर काढून दाखवलं. मग म्हणाला, “एक ध्यानात ठेवा. अमोनियाला ही नळी लावायची नाही. कुणी कितीही आग्रह करो. गॅस आधीच तापट असतो, मशीन जळतं.”

मागून एकाने विचारलं, “अनुभव आहे का सर, की वाचलेलं?”

वाल्मीकने हातातला खडू खाली ठेवला. “एकाने लावली होती दिंडोरीकडे. मोठा अपघात झाला.”

“कुणी हो?”

“होता एक मेकॅनिक,” वाल्मीक म्हणाला. “मुलगी सांगत होती, नको लावू म्हणून. ऐकलं नाही.”

“असतात अशी माणसं,” तो माणूस म्हणाला आणि हॉलमध्ये हशा पिकला. वाल्मीकही थोडा हसला. मग त्याने फळा पुसला आणि पुढचा भाग सांगायला घेतला.